चाकांवरचे घर व घाटाची वाट

ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांतील सुखवस्तू कुटुंबांत अलीकडे एक नवी हौस मूळ धरू लागली आहे. रविवारला जोडून एखादी सुट्टी आली म्हणजे डोंगराच्या कुशीत अथवा धरणाच्या काठी जाऊन तंबूत एक-दोन रात्री काढावयाच्या, ही ती हौस होय. तिच्याविषयी आमची काडीइतकीही तक्रार नाही. बारा महिने चार भिंतींत कोंडलेल्या व सकाळ-संध्याकाळ लोकलच्या गर्दीत चेंगरलेल्या मनुष्यास चांदण्यांखाली निजण्याची इच्छा व्हावी, यात वावगे काय? परंतु या हौसेचे पुढचे पाऊल आता पडू पाहत आहे, आणि त्याविषयी मात्र चार शब्द स्पष्टपणे बोलण्याची वेळ आली आहे. तंबूत अंग आखडते, डास चावतात, पहाटे अडचण होते. तेव्हा तंबू नको, घरच बरोबर न्यावे, अशी ही नवी कल्पना आहे. मोटारीच्या मागे जोडावयाचा एक प्रशस्त ट्रेलर, त्यात पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, पाण्याची टाकी, आणि हे सर्व बिऱ्हाड घाटावर चढवून पुन्हा घाटाखाली उतरवावयाचे!

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या गाड्यांबरोबर मोटारीमागे ओढावयाच्या ट्रेलरांचाही त्यात विचार आहे, व त्यांना उभे राहण्याकरिता स्वतंत्र उद्यानांची योजना आहे. अशी फिरती घरे आज आपल्याकडे मोजकीच आहेत, हे आम्ही जाणतो. मोजकी आहेत तोवरच हा प्रश्न विचारला पाहिजे. कारण आपल्या देशात एखादी गोष्ट प्रथम चैन म्हणून येते, मग रूढी होते, आणि रूढी झाल्यावर तिच्याविरुद्ध बोलणारा वेडा ठरतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे: मोठा ट्रेलर ओढून अरुंद घाटरस्त्याने मौजेखातर जाणे हे केवळ गैरसोयीचे नव्हे, तर अन्यायाचे आहे, आणि शासनाने त्यास उत्तेजन देणे तर सर्वथैव अनुचित आहे.

प्रथम रस्ता पाहू. या तिन्ही शहरांजवळचा सर्वांत मोहक घाट म्हणजे माळशेज. कल्याणहून मुरबाड, टोकावडे असे करीत हा रस्ता सह्याद्रीच्या कड्यास भिडतो, एका लहानशा बोगद्यातून व अनेक वळणांतून माथा गाठतो, आणि ओतूर, आळेफाट्यावरून अहिल्यानगरकडे जातो. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ असे त्याचे भारदस्त नाव आहे. पण नाव भारदस्त झाले म्हणून कडा मागे सरत नाही. एका बाजूस ओली, ठिसूळ दरड व दुसऱ्या बाजूस खोल दरी, यांच्या मध्ये जेवढी जागा निसर्गाने सोडली तेवढाच रस्ता. २०१३ च्या पावसाळ्यात दरड कोसळून हा घाट कित्येक दिवस बंद राहिला होता. २०१४ च्या जानेवारीत, म्हणजे ऐन कोरड्या ऋतूत, एस. टी. ची एक बस याच घाटात दरीत कोसळली व पंचवीसहून अधिक माणसे प्राणांस मुकली. या रस्त्यावर चूक करण्यास जागा किती आहे, हे सांगावयास आणखी पुराव्याची गरज नाही.

आणि हा रस्ता कोणाचा? सुट्टीच्या दिवशी धबधबा पाहावयास जाणाऱ्यांची अशी समजूत असते की तो त्यांच्यासाठीच बांधला. वस्तुतः जुन्नर-ओतूरकडची भाजी याच घाटाने रातोरात उतरून कल्याणच्या बाजारात येते, आणि डोंबिवलीच्या गृहिणीच्या पिशवीतली मेथी व टोमॅटो हे बहुधा त्याच वळणांवरून आलेले असतात. एस. टी. ची गाडी हीच ज्यांची एकमेव गाडी, असे ठाकूर, कातकरी व महादेव कोळी या जमातींचे लोक घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांतून राहतात. तेथील एखाद्या बाळंतिणीची प्रकृती बिघडली तर तिला मुरबाडास व तेथून पुढे उल्हासनगर-कल्याणकडे न्यावे लागते. अशा रस्त्याचा अर्धा तास म्हणजे कोणाच्या दृष्टीने अर्धा तास, आणि कोणाच्या दृष्टीने सर्वस्व.

आता ट्रेलर म्हणजे काय ते पाहू. कारण ज्यांनी तो कधी ओढला नाही त्यांस वाटते की मोटार जशी चालते तशीच तिच्यामागची गाडी चालेल. तसे होत नाही. पहिली गोष्ट वळणाची. मोटारीची चाके ज्या रेषेवरून जातात त्या रेषेवरून ट्रेलरची चाके जात नाहीत. ती वळणाच्या आतल्या बाजूस सरकतात, व ट्रेलर जितका लांब तितकी अधिक सरकतात. म्हणून अवघड वळणावर चालकास मोटार बाहेरच्या बाजूस, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या अंगावर, घालावी लागते. न घालावी तर मागचे चाक कठड्यास किंवा गटारास लागते. दोन गाड्यांचा रस्ता सामान्यतः ७ मीटर रुंद असतो व वाहनाची रुंदी कायद्याने २.६ मीटरपर्यंत असू शकते. सरळ रस्त्यावर हे गणित जमते. वळणावर ते बिघडते. महामार्ग सोडून धरणाच्या काठाकडे उतरणारा गावरस्ता तर पुष्कळदा ३.७५ मीटर किंवा त्याहूनही अरुंद. तेथे समोरून बैलगाडी आली तरी पेच पडतो.

दुसरी गोष्ट उताराची, आणि हीच खरी जिवाची. चढावर ओझे मागे ओढते. त्याने फार तर इंजिन दमते. उतारावर तेच ओझे पुढे ढकलते. मोटार व ट्रेलर मिळून ३,५०० किलो वजन धरले व ते ५०० मीटर खाली उतरले असे मानले, तर सुमारे १७० लक्ष ज्यूल इतकी ऊर्जा कोठेतरी जिरली पाहिजे. सामान्य भाषेत बोलावयाचे तर नळाचे जवळजवळ ५८ लिटर पाणी उकळीस आणील एवढी ही उष्णता आहे. जो चालक खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरतो त्याच्या इंजिनाकडून तिचा काही भाग शोषला जातो. जो घाईने, ब्रेकवर पाय ठेवून उतरतो, त्याच्या ब्रेकांतच ती सारी साठते; ब्रेक तापतात, तापले म्हणजे त्यांची पकड जाते, आणि ती नेमकी त्या क्षणी जाते ज्या क्षणी तिची गरज असते. अशा वेळी ओल्या वळणावर मागचे धूड पुढच्या मोटारीस आडवे ढकलून देते. आपल्याकडील मोटार शिकविणाऱ्या शाळांत लहान गाडी मैदानात व गल्लीत चालविण्यास शिकवितात. दोन टनांचे घर मागे घेऊन घाट कसा उतरावा हे तेथे कोण शिकवितो?

उतारावरच्या ओझ्याचे भय ही आमच्या मनाची निर्मिती आहे असे कोणास वाटत असेल, तर त्याने याच जिल्ह्यातील कसाऱ्याचा घाट आठवावा. थळ घाटातून इगतपुरीपर्यंत आगगाडीचा मार्ग १८६५ साली खुला झाला. तेथील चढण ३७ फुटांस एक फूट आहे. चढताना जादा इंजिने जोडतात, हे प्रत्येक प्रवाशाने पाहिलेले असते. परंतु उतारासाठी केलेली व्यवस्था त्याहून बोलकी आहे. गाडी उतरण्यापूर्वी तिचे ब्रेक तपासले जातात. आणि एवढे करूनही ती आवरेनाशी झालीच तर तिला वळवून चढावर नेऊन थांबवावी म्हणून मुख्य मार्गाच्या बाजूस वेगळे फाटे बांधून ठेवले आहेत. लोखंडी रुळांवर, शिकविलेल्या माणसांच्या हाती, ठरलेल्या वेळी चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत ही दक्षता. आणि रविवारी सायंकाळी, आदल्या रात्रीच्या जागरणाने डोळे जड झालेल्या हौशी चालकाच्या बाबतीत मात्र सर्व काही देवावर हवाला! हा कोणता न्याय?

तिसरी गोष्ट मागे सरण्याची. मोटार-वाहन कायद्याखाली १९८९ साली रस्त्याचे जे नियम करण्यात आले, त्यांत डोंगरी रस्त्यांविषयी एक सुंदर तत्त्व नमूद आहे: जेथे दोन वाहने सुखरूप ओलांडू शकत नाहीत, तेथे उतरणाऱ्याने बाजूस थांबून चढणाऱ्यास वाट द्यावी. ओझे घेऊन चढणाऱ्याचे कष्ट अधिक, म्हणून मान त्याचा. नियम इतका सरळ व इतका माणुसकीचा आहे. आता विचार करा. लहान गाडीचा चालक दहा-वीस हात मागे सरून रुंद जागेवर थांबतो व हा नियम सहज पाळतो. ट्रेलर मागे घेताना मात्र सुकाणू एका बाजूस फिरवावे तर मागचे धूड दुसऱ्या बाजूस वळते; सरावलेल्या माणसासही ते मैदानात कठीण जाते, मग वळणावर, मागे दहा मोटारी खोळंबल्या असता, दरीच्या कडेस नवशिक्याने ते कसे करावे? म्हणजे हा मनुष्य नियम मोडू इच्छितो असे नाही. तो पाळण्याची शक्तीच त्याने घरी ठेवली आहे. आणि जो अशी वस्तू रस्त्यावर आणतो की जिच्यासह त्यास रस्त्याचा नियम पाळता येणार नाही, त्याने घरून निघतानाच नियम मोडला, असे आम्ही समजतो.

प्रतिपक्षाचे म्हणणे आम्ही ऐकलेले नाही असे नाही. ते प्रथम विचारतात, ‘मालाचे अवजड ट्रक घाटातून जातात, मग आमच्यावरच राग का?’ या प्रश्नाचे उत्तर ठाणेकरांनी स्वतःलाच विचारावे. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या घाटात एखादा मोठा कंटेनर बंद पडला की दोन्ही बाजूंस मैल-मैल रांगा लागतात. कामावर जाणारे, शाळेची मुले, रुग्णवाहिका, सर्व अडकतात. त्या दिवशी ठाण्यातील प्रत्येक सुशिक्षित गृहस्थ संतापून विचारतो की ही धुडे या अरुंद चढावर भरदिवसा सोडलीच कशी? त्याचा तो संताप आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. परंतु तोच गृहस्थ शनिवारी आपले धूड माळशेजच्या चढावर घालील, तर मुरबाडच्या माणसाने त्यास कोणत्या तोंडाने दोष देऊ नये? शिवाय ट्रकवाल्याच्या बाजूने निदान इतके तरी म्हणता येते की तो माल पोचवितो, तो पोचला नाही तर बाजार अडतो, व ओझे चालविणे हा त्याचा रोजचा धंदा आहे. पलंग व फ्रीज डोंगरावर नेल्याने कोणाचा बाजार चालतो?

‘खेड्यांस रोजगार मिळतो’, हे दुसरे उत्तर. पर्यटनाने खेड्यास चार पैसे मिळावेत हे आम्हांसही हवे आहे, आणि म्हणूनच आमचा आक्षेप आहे. जो प्रवासी पाठीवर पिशवी घेऊन येतो त्यास भाकरी लागते, पाणी लागते, अंथरूण लागते, वाट दाखविणारा लागतो. या प्रत्येक गोष्टीचे दाम गावात राहते. जो स्वयंपाकघर, पाणी, अंथरूण व करमणूक ही सर्व शहरातून भरून आणतो, त्यास गावाकडून फक्त उभे राहण्यास जागा हवी असते. जाताना तो गावास काय देतो? जमिनीच्या मालकास भाडे, व उरलेल्या गावास कचरा आणि टाकीतले सांडपाणी. शहराचा एक तुकडा उचलून डोंगरावर नेऊन ठेवणे, आणि त्यास ग्रामीण पर्यटन म्हणणे, ही शब्दांची थट्टा आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, व त्याचा उपहास आम्ही करणार नाही. घरात वृद्ध असतात, लहान मुले असतात, आणि स्त्रियांना स्वच्छ शौचकूप व आडोसा ही चैन नसून निकड असते. तंबूच्या जीवनाची स्तुती करणारे पुरुष हे पुष्कळदा विसरतात, व आईने दोन दिवस हाल सोसावेत आणि बापाने तारे मोजावेत असा प्रकार होतो. ही अडचण खरी आहे. परंतु तिच्यावर उपाय कोणता? शौचकूप दर आठवड्यास घाटावर चढवून उतरविणे, की ते मुक्कामाच्या जागी एकदाच नीट बांधणे? ते बांधले तर येणाऱ्या शंभर कुटुंबांची व गावच्या स्त्रियांचीही सोय होते. ट्रेलरमधले एकाच कुटुंबाचे. ज्यांस चाकांवरच्या घरात राहण्याचीच मौज वाटते त्यांच्यासाठी ती घरे एकदा, रिकामी, सराईत चालकाकडून, पोलिसांस कळवून वर नेऊन ठेवावीत व तेथेच उभी करावीत; लोकांनी येऊन त्यांत राहावे. घर तेच, पलंग तोच, धरणावरचा वारा तोच. फक्त घाटावरचे ओझे गेले.

चौथे उत्तर अखेरीस यावयाचे ते येतेच: ‘गाडी आमची, कर आम्ही भरतो, रस्ता सार्वजनिक आहे.’ होय, सार्वजनिक आहे. आणि तेच तर आम्ही म्हणत आहो. सार्वजनिक वस्तूचा उपभोग घेणाऱ्याने इतरांस पुरेल इतके राखून तो घ्यावा लागतो. नदीवर सर्वांचा हक्क असतो, म्हणून कोणी एकाने तिच्यात बांध घालून चालत नाही. घाटातला ट्रेलर जोवर चालतो तोवर तो एक वाहन असतो. ज्या क्षणी तो वळणात अडकतो त्या क्षणी तो बांध होतो, आणि दोन्ही काठांची माणसे त्याच्या मालकाच्या मौजेची किंमत देऊ लागतात.

आमचे पूर्वज अडाणी होते असे मानण्याची ज्यांस सवय आहे, त्यांनी माळशेजच्या शेजारचा नाणेघाट चढून पाहावा. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण हे समुद्रापलीकडे नाव पोचलेले बंदर होते. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. तेथला माल जुन्नरकडे जावयाचा तो याच खिंडीतून. सातवाहनांचा शिलालेख व जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आजही तेथे आहे. पण त्या पायऱ्यांच्या वाटेवर चाक नाही. व्यापाऱ्यांनी ओझे विभागले, बैलांच्या व माणसांच्या पाठीवर वाटून दिले, आणि डोंगरास झेपेल एवढेच एका वेळी नेले. बोरघाटात चाकांचा रस्ता झाला तो थेट १८३० साली. रस्ते झाले हे उत्तम झाले. पण घाटात वाटेच्या मापाने ओझे करावे, ओझ्याच्या मापाने वाट मागू नये, हे जे शहाणपण त्या व्यापाऱ्यांपाशी होते ते रस्त्याबरोबर टाकून देण्याचे कारण नव्हते.

वाहन पायथ्याशी ठेवल्याने करमणुकीचे स्थान ओस पडते, ही भीतीही निराधार आहे. माथेरान आज रायगड जिल्ह्यात असले तरी ते १८५० साली लोकांपुढे आणले ठाण्याच्या कलेक्टराने, मॅलेट साहेबाने. १९०७ पासून नेरळहून लहान आगगाडी वर जाते. मोटारी दस्तुरीच्या नाक्यावर थांबतात. रुग्णवाहिकेसारखे अपवाद व अलीकडे आलेल्या ई-रिक्षा सोडल्या तर पुढे पायी अथवा घोड्यावर जावयाचे. माणसाने माणसास ओढण्याची जी रिक्षा तेथे चालत असे ती निंद्यच होती, व २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंद करण्याचा आदेश दिला हे योग्यच झाले. तिचे समर्थन कोणी करू नये. परंतु मोटार बाहेर राहिली म्हणून माथेरानास जाणारे कमी झाले, असे कोणी म्हणू शकेल काय? लोक तेथे जातात ते बहुअंशी ती नाही म्हणूनच.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. शासनाने मौजेच्या ट्रेलरांस माळशेजसारख्या घाटांतून जाण्यास जूनपासून सप्टेंबरपर्यंत पूर्ण मनाई करावी. उरलेल्या महिन्यांत लांबी व वजन यांची मर्यादा घालावी, आणि शनिवार-रविवारच्या गर्दीच्या वेळा वर्ज्य कराव्यात. ट्रेलर ओढणाऱ्याची उतारावरची व मागे सरण्याची वेगळी परीक्षा घेतल्यावाचून त्यास परवानगी देऊ नये. कॅराव्हॅनची उद्याने काढावयाचीच असतील तर ती मुरबाडच्या सपाटीवर काढावीत, आणि वर जाणाऱ्यांसाठी तेथून एस. टी. च्या जादा गाड्या सोडाव्यात. यांतील एकही गोष्ट खर्चाची नाही. इच्छेची मात्र आहे.

आणि आमच्या मध्यमवर्गीय बांधवांस एकच विचारावयाचे आहे. मुलांना डोंगरावर आपण कशासाठी नेतो? घरच्यासारखेच निजावे, घरच्यासारखेच खावे, घरच्याच पडद्यावर घरचेच चित्र पाहावे, एवढ्यासाठी तर डोंबिवली काय वाईट होती? एक रात्र थोडे अडचणीत काढावी, थंडी वाजली तर एका पांघरुणात दोघांनी शिरावे, कोणा ठाकराच्या अंगणात बसून त्याच्या घरची भाकरी दाम देऊन खावी व त्याच्याशी दोन शब्द बोलावेत, यातून मुलास जे मिळते ते ट्रेलरच्या काचेतून मिळत नाही. उलट मागे खोळंबलेल्या भाजीच्या टेंपोकडे व एस. टी. कडे पाहत ‘थांबू द्या त्यांना’ असे म्हणणारा बाप मुलाने एकदा पाहिला, म्हणजे त्या सहलीतून ते काय शिकून येते, हे निराळे सांगावयास नको. शनिवारी निघण्यापूर्वी प्रत्येक गृहस्थाने आपले सामान एकदा पुढ्यात मांडून पाहावे, आणि जे स्वतःस व मुलांस उचलून नेता येणार नाही ते घरीच ठेवावे.